मास्तरांचा नवा क्लास

मास्तरांनी नवा क्लास काढलाय ही बातमी पुणतांब्यात फुटली, तेव्हा दोन दिवसांत तीन पालक त्यांच्या ओट्यावर येऊन गेले. एकाने फी विचारली. दुसऱ्याने सेमी इंग्रजीचं जमेल का ते विचारलं. तिसरा पोराचा कान धरूनच आला होता. "मनाचा क्लास हाये म्हणे," तो म्हणाला, "घ्या मग ह्याला. सगळं हाये ह्याच्यापाशी, मन तेवढं लागत नाही."

मास्तरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. हा क्लास तो क्लास नव्हे. एक खेळ आहे. त्यात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. लढवय्या, चोर, पुजारी, जादूगार अशा पात्रांच्या जाती असतात, त्यांना क्लास म्हणतात. मास्तर एक नवी जात बनवताहेत. हा माणूस नुसत्या मनाच्या ताकदीवर चालतो. त्याला मंत्र येत नाहीत.

"मंत्र नाही आले तरी चालंल," पालक म्हणाला, "पाढे यायला पाहिजेत."

मुळात आमचे मास्तर हे मास्तरच नव्हेत. ते पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतात, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढतात आणि त्याचा पगार घेतात. २०२०च्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉप आणि फाशांची एक पिशवी घेऊन ते गावी आले. पुढे कंपनीच्या लक्षात आलं की हा माणूस समोर नसला तरी चुका तितक्याच काढतो. मग ते इथेच राहिले. कुणीतरी पारावर विचारलं, काय करता? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मी गेम मास्टर आहे." गावाने त्यातला गेम सोडून दिला आणि मास्तर ठेवून घेतला. आता त्यांना पंधरा ऑगस्टला झेंड्याला बोलावतात, शिष्यवृत्तीचे फॉर्म त्यांच्याकडून भरून घेतात, आणि कुणाचं पोरगं रस्त्यात सायकलवरून हात सोडून चाललं असेल तर मास्तरांना बघून हँडल धरतं.

असा माणूस प्रत्येक गावात एक असतो. गणेश मंडळाची घटना तोच लिहितो. लहानपणी आळीत क्रिकेट चालायचं तेव्हा 'एक टप्पा आउट', 'भिंतीपलीकडे गेला तर आउट आणि बॉल ज्याने मारला त्याने आणायचा', 'कुत्र्याने बॉल धरला तर डेड' हे कायदे ज्याने केले तो हाच. त्या पोराची बॅटिंग आलेली कुणाला आठवत नाही. सगळे खेळून घरी गेले तरी तो विटेच्या स्टंपाजवळ उभा राहून विचार करायचा, की कुत्र्याने धरला आणि पुन्हा सोडला तर काय?

मास्तरांच्या शर्टाच्या खिशात कायम एक वीस बाजूंचा फासा असतो. तो महिन्यातून दोनदा कपड्यांबरोबर मशिनमध्ये जातो आणि मग घरभर खडखडाट होतो. माई, म्हणजे त्यांच्या आई, मशिन थांबवतात, फासा काढून देवघरापुढच्या वाटीत ठेवतात. "हे तुझं शाळिग्राम," म्हणतात. मास्तरांना कुणी काही सांगायला लागलं की ते ऐकत नाहीत, त्याची किंमत काढतात. मी एकदा घाईघाईने सांगत आलो, की उसात बिबट्या दिसला. मास्तर म्हणाले, "किती अंतरावरून? उजेड होता? तुम्ही पळत होता का उभे? पळत असाल तर दिसण्यात दोन कमी करा." बिबट्या तोवर दुसऱ्या शिवारात गेला असावा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाने तो छापला. सोंगट्यांचा पट नसला तरी तो होतो. कीर्तनकाराने आख्यान रंगात आणून मध्येच थांबावं आणि समोरच्यांना विचारावं, "आला रावण. आता तुम्ही काय करता ते सांगा." मग पहिल्या रांगेतल्या एकाने म्हणावं, मी गदा हाणतो, दुसऱ्याने म्हणावं, मी खांबाआड लपतो, आणि ते जमलं की नाही हे फाशाने ठरवावं. एवढाच खेळ. कीर्तनकाराच्या जागी मास्तर. पहिल्या रांगेत आम्ही चौघं: मेडिकलवाले, शिर्डीच्या भाविकांची ने-आण करणारा जीपवाला, मास्तरांचा भाचा (इंजिनिअरिंगला आहे, तिसऱ्या वर्षात, दुसऱ्यांदा) आणि तालुक्याच्या पेपरला बातम्या पाठवणारा मी.

आता दुखणं कुठे आहे ते सांगतो. या खेळातला जादूगार सकाळी मंत्र पाठ करतो आणि वापरला की तो विसरतो. ही कल्पना जॅक व्हान्स नावाच्या लेखकाच्या कथांमधून आली. माईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "परीक्षेला बसलेल्या पोरासारखंच की." दिवसाला इतके मंत्र, की संपले. हिशेब चोख. पण नुसत्या मनाने वस्तू हलवणारा, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारा माणूस या हिशेबात बसवायचा कसा, यावर तिकडे पन्नास वर्षं डोकेफोड चालू आहे. १९७६च्या एका पुरवणीत तो पहिल्यांदा आला. १९७८च्या नियमपुस्तकात त्याला मागे परिशिष्टात बसवलं. बुद्धी, शहाणपण किंवा छाप यांतलं काही सोळा किंवा त्याहून जास्त असेल तर फासे टाकायचे, आणि नशिबात असेल तर शक्ती मिळायची, म्हणजे नवसाने झालेल्या मुलासारखी. १९९१ला त्याला स्वतंत्र पुस्तक मिळालं, २००१ला पुन्हा नवं. २०१५ ते २०१७ या काळात खेळ छापणाऱ्या कंपनीने 'मिस्टिक' नावाचा पूर्ण क्लास खेळाडूंना तपासायला दिला आणि मग बासनात गुंडाळला.

"कंपनीला नाही जमलं," मास्तर हे सांगताना खाली बघतात. राज्य खालसा झाल्याचं सांगावं असा त्यांचा आवाज होतो. मग वर बघतात. त्या वर बघण्याला आम्ही फार भितो.

पहिल्या आवृत्तीत त्यांनी या माणसाला रोजचे वीस 'मनोबल' दिले. मन वाचायला तीन, दगड उचलायला पाच, माणूस उचलायला आठ. मेडिकलवाल्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, हे जेनरिक झालं. गोळी तीच, पाकीट वेगळं. जादूगाराच्या मंत्राला तुम्ही मनोबल म्हटलं, दुसरं काय केलं?"

मास्तर दोन दिवस जेवले नाहीत असं माई म्हणतात. मास्तर म्हणतात, जेवलो, पण चव नव्हती.

दुसऱ्या आवृत्तीचा प्रयोग मी विसरणार नाही. वाड्यात खून, सावकाराची तिजोरी, सात संशयित, प्रत्येकाच्या मनात एकेक गुपित अशी गोष्ट मास्तरांनी तीन आठवडे बसून रचली होती. वाड्याचा नकाशा काढला होता, त्यात मोरीसुद्धा होती. भाच्याने नवा क्लास घेतला. मास्तरांनी आवाज खाली नेला: पावसाची रात्र, कंदील विझतोय, सातही जण ओसरीवर बसलेत. काय करता?

"सगळ्यांची मनं वाचतो," भाचा म्हणाला.

नियमाप्रमाणे वाचता येत होती. चौथ्या मिनिटाला खुनी सापडला. आत चहा ठेवला होता, तो उतूही गेला नव्हता. मास्तरांनी नकाशाची घडी घातली, मोरीच्या बाजूने. जीपवाला म्हणाला, "मास्तर, एवढा वाडा बांधला, एक रात्र तरी राहू द्यायचं."

पण ह्या माणसाचं एक कबूल केलं पाहिजे. हार मानताना ते वाद घालत नाहीत, वही काढतात. त्याच रात्री त्यांनी जीपवाल्याला विचारलं, तुला सवारीच्या मनातलं कळतं का? जीपवाला म्हणाला, कळतं की. कोण भाड्याला घासाघीस करणार, कोण मुकाट्याने देणार, कोण अर्ध्या वाटेत उलटी करणार, बसायच्या आधी कळतं. कसं? "चपला बघायच्या." देवदर्शनाला निघालेल्याने जुन्या चपला घातल्या असतील तर तो चोरीला जायचा हिशेब करून निघालाय; तो घासाघीस करणार. नव्या असतील तर देईल, पण गाडीत पाय वर घेऊन बसेल. मेडिकलवाले म्हणाले, त्यात काय, डॉक्टरांचं अक्षर मी रोज वाचतो, ते मन वाचल्याशिवाय वाचता येतच नाही.

मग तिसऱ्या आवृत्तीत दोन गोष्टी आल्या. बघायला काहीतरी हाताशी पाहिजे: चप्पल, अक्षर, उष्टं ताट. आणि मनातलं सगळं मिळत नाही, वरची साय तेवढी मिळते. खुनी माणूस ओसरीवर बसून 'मी खून केला, मी खून केला' असा जप करत नाही. त्याच्या मनात आत्ता पाय अवघडलाय हे असतं. मला हे फार आवडलं. त्या दिवशी आम्ही वाड्यात चार तास होतो आणि चुकीच्या माणसाला पकडून घरी गेलो.

मंत्राचा प्रश्न मात्र राहिलाच. तेव्हा मास्तरांना पतंजली सापडले. योगसूत्रांत सिद्धींची पाच उगमस्थानं सांगितली आहेत: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. मास्तर सकाळी सहाला मला उठवायला आले. "पाच दारं! मंत्र हे फक्त एक दार. कंपनी पन्नास वर्षं त्याच दारावर डोकं आपटतेय!" औषधीच्या दाराबद्दल मेडिकलवाल्यांनी उत्सुकता दाखवली, पण मास्तरांनी ते दार बंद केलं, पोरंही खेळतात. जन्माचं दार १९७८ला उघडून झालं होतं. उरली तप आणि समाधी. शिवाय याच ग्रंथात त्याआधी म्हटलंय की समाधीच्या वाटेवर ह्या सिद्धी म्हणजे अडथळे. मास्तरांनी ह्याचाही नियम केला. पात्र जितक्या सिद्धी वापरील तितकी त्याची पुढची पायरी लांबेल. भाच्याचं पात्र दगड उचलून उचलून पहिल्याच पायरीवर म्हातारं झालं.

ह्यावर माई हसल्या. "चांगदेवाच्या गावात बसून तू हे अमेरिकेत शोधतोयस होय?"

पुणतांबा हे चांगदेवांचं गाव. गोदावरीच्या काठी त्यांची समाधी आहे. जगातला मंत्राविना चालणारा सर्वांत मोठा गडी आमच्या नदीकाठी निजलाय, आणि मास्तर लहानपणापासून तिथे घाटावर पोहायला जात होते. चौदाशे वर्षं जगलेला योगी, काळ न्यायला आला की प्राण वर चढवून बसायचा, काळ कंटाळून परत जायचा, असं सांगतात. ज्ञानेश्वरांना भेटायला निघाला तो वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक. समोर ही चार भावंडं पडक्या भिंतीवर बसलेली. ज्ञानेश्वरांनी भिंतच चालवली.

मास्तर टिपणं घेऊ लागले. वाघ म्हणजे सजीवावर ताबा, तुलनेने सोपं, कारण वाघाला मन असतं. भिंतीला मन नाही, म्हणजे ते मनाचं कामच नव्हे, वेगळा गुण लागणार. भिंतीवर चार जणांचं वजन. अंतर किती? जीपवाल्याने हळूच विचारलं, वाघाला ॲव्हरेज काय पडत असेल. माईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचे दोन रविवार चपला ओट्याखाली काढल्या.

"आणि हारला कशाने ते लिहिलंस का?" माईंनी विचारलं.

चांगदेव भिंतीपाशी हरले असं आपण म्हणतो. माईंच्या मते ते त्याच्या आधीच, घरी बसून पत्र लिहिताना हरले होते. ज्ञानेश्वर वयाने पोर. 'चिरंजीव' लिहावं तर ज्ञानाने आपल्याहून थोर. 'तीर्थरूप' लिहावं तर आपण चौदाशे वर्षांचे. मायना ठरेना. शेवटी कोराच कागद पाठवला. तो मुक्ताबाईने पाहिला आणि इतकी वर्षं जगून गडी कोराच राहिला म्हणून हसली. त्या कोऱ्या कागदाचं उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, आणि पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते त्या पोरीला. मी पेपरात पंधरा वर्षं पत्रं छापतोय. मायन्यापाशी अडलेली माणसं मला रोज भेटतात. पण मास्तरांनी ह्यावर वहीत लिहिलं: 'बोलण्याच्या सिद्धीत संकोच, वजा चार.'

ह्याच सुमारास फासा गेला आणि कवड्या आल्या. ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरेने एक खेळही सांगितला जातो, मोक्षपट, सापशिडीचा पूर्वज. तो कवड्यांवर खेळायचा. मास्तरांनी माईंच्या डब्यातून सहा कवड्या काढल्या आणि आम्हाला मांडी घालून बसवलं. वीस बाजूंच्या फाशात, ते म्हणाले, एक पडायची शक्यता तेवढीच, वीस पडायचीही तेवढीच, शंभरात पाच. मनाचं असं नसतं. मन बहुतेक वेळ मधलंच असतं. सहा कवड्या टाकल्या तर त्या चौसष्ट तऱ्हांनी पडू शकतात. त्यात तीन उताण्या पडायच्या वीस तऱ्हा, सहाच्या सहा उताण्या पडायची एकच. म्हणजे चमत्कार चौसष्टात एकदा. "परवडतो," मेडिकलवाले म्हणाले.

मात्र कवडी ही नाण्यासारखी इमानदार नसते. पाठ फुगीर, पोट चपटं. तेव्हा मास्तरांनी पडवीत बसून त्या सहा कवड्या संध्याकाळभर टाकल्या आणि माईंनी शेंगा फोडता फोडता आकडे मोजले. एक कवडी सारखी पालथी पडायची. मास्तरांनी ती बदलून मागितली. माई म्हणाल्या, ती तुझ्या आजीची आहे, ती बदलायची नाही. आजही आमच्या खेळात सहा उताण्या पडणं हे चौसष्टात एकापेक्षा बरंच अवघड आहे आणि त्याचं कारण आजी आहे.

नावही तेव्हाच सुचलं. मानसिक म्हणावं तर लोक दवाखान्याचा पत्ता विचारतील. मांत्रिक तर नकोच. गावातल्या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या कार्यकर्त्याने २०१३च्या कायद्याची आठवण आधीच करून ठेवली होती, आणि मंत्र नाही हे ऐकूनच तो शांत झाला होता. माई म्हणाल्या, "मनकवडा म्हण की. कवड्या आहेतच." आम्ही चौघांनी एकदम मान डोलावली. मास्तर म्हणाले, "मनकवडा फक्त ओळखतो, हलवत नाही. अर्धंच बसतं." नावाच्या जागी त्यांनी एक रेघ मारून ठेवली. तयार भाकरी समोर असली तरी दळणापासून सुरुवात करणारा हा माणूस आहे.

आता किंमत. शक्ती फुकट असली की खेळ मरतो, हे आतापर्यंत सगळ्यांना पटलं होतं. परदेशी पुस्तकांत आणि सिनेमात मनाची ताकद लावणाऱ्याच्या नाकातून रक्त येतं. मास्तरांनी तेही करून पाहिलं. पण आमच्याकडे मे महिन्यात कुणाचाही घोळणा फुटतो आणि लोक कांदा फोडून हुंगायला देतात. भाच्याने पात्राच्या पिशवीत दहा किलो कांदा भरून घेतला. कांद्याचा भाव पडलेला, त्यामुळे त्या महिन्यात त्याचं पात्र अजिंक्य होतं.

तोडगा निघाला तो सातबाऱ्यातून. पात्राची माहिती ज्या कागदावर असते त्याला आम्ही पहिल्यापासून सातबाराच म्हणतो. जीपवाल्याने नाव पाडलं. त्याने एकदा विचारलं, ह्याच्यावर 'इतर हक्क' कुठे लिहायचे? उताऱ्यावर तो एक रकाना असतो. कर्ज काढलं की बँकेचा बोजा तिथे चढतो. जमीन तुमची, नाव तुमचं, पीक तुमचं, आणि त्या रकान्यात बोजा. मास्तर उठून उभे राहिले. मनकवड्याला कोटा नको, परवानगी नको, मंत्राच्या संख्येचं बंधन नको. पाहिजे तेवढं, पाहिजे तेव्हा वापर. प्रत्येक वेळी इतर हक्कात बोजा चढेल. तो फेडायचा कसा? माई आतूनच बोलल्या, "दुसऱ्याच्या घरात डोकवायला गेलं की आपलं दार उघडं राहतं."

नियम झाला तो असा. ज्याच्यावर बोजा आहे त्याला बाकीच्यांनी एक प्रश्न विचारायचा, आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. एका उत्तराला एक बोजा उतरतो. जादूगाराकडे नाही, पुजाऱ्याकडे नाही, असं काहीतरी ह्या क्लासपाशी प्रथमच आलं. मला वाटतं, हे कंपनीलाही सुचलेलं नाही.

फक्त प्रश्न पात्राला विचारायचा की माणसाला, हे मास्तर लिहायला विसरले. भाच्याने दरोडेखोराचं मन वाचलं, बोजा चढला. मेडिकलवाल्यांनी घसा साफ केला. "माझे दीडशे रुपये कधी देणार?"

"पात्राला विचारा, पात्राला!" मास्तर ओरडले.

"पात्राने नेले नाहीत."

चार रविवारांत अशी अवस्था आली की मनकवडा घ्यायला कुणी तयार होईना. भाच्यावर नऊ बोजे होते आणि वर्गात पुन्हा किती विषय राहिलेत हे गावाला कळलं होतं. जीपवाल्याने शिर्डीचं खरं भाडं सांगून टाकलं. माझ्यावर दोन बोजे होते. ते मी कसे उतरवले ते इथे लिहिणार नाही.

मग व्हायचं ते झालं. हे गाव कोणतं, हे मास्तर विसरले होते. इथल्या ग्रामसभेत ठराव झाला आणि १ जून २०१७ला अख्ख्या महाराष्ट्रातला शेतकरी संपावर गेला. शहरांचं दूध-भाजी अडलं, आणि महिना संपायच्या आत सरकारला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्या जून महिन्यात मी रोज बातम्या पाठवत होतो, मला मसुदा तोंडपाठ होता. आम्ही चौघांनी मास्तरांना निवेदन दिलं. मनकवड्याचा बोजा सरसकट माफ करावा, आणि तोवर फासे, कवड्या व पेन्सिली ओट्यावर येणार नाहीत.

मास्तरांनी निवेदन दोनदा वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. "तत्त्वतः मान्य," ते म्हणाले. "निकष लावावे लागतील."

"निकष नको," जीपवाला म्हणाला. "निकषांचं आम्हाला माहीत हाये."

बोलणी रात्री अकरापर्यंत चालली. वीज गेली होती, नदीकडून डास येत होते, स्टेशनवरून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू आला. शेवटी माईंनी मध्यस्थी केली. बोजा माफ. बदल्यात एक अट: पुढच्या डावात मनकवडा मास्तरांनी स्वतः घ्यायचा, आणि आख्यान भाचा लावणार.

मास्तर पाटावर आमच्या बाजूला येऊन बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांना हात कुठे ठेवावेत कळेना. भाच्याने तीन वाक्यांत गोष्ट मांडली: घाट, रात्र, समाधीपाशी एक अनोळखी माणूस पाठमोरा बसलाय. काय करता? मास्तरांनी त्याची चप्पल आहे का विचारलं. आहे. जुनी की नवी? नवी. कवड्या टाकल्या. तीन, चार... सहाच्या सहा उताण्या. आजीचीसुद्धा. कुणी बोललं नाही. मास्तरांचा चेहरा दहा वर्षांच्या पोराचा झाला होता. भिंतीपलीकडे बॉल मारलाय आणि अजून कुणी आउट म्हटलेलं नाही, असा.

त्यांनी त्या माणसाचं मन वाचलं. बोजा चढला. प्रश्न विचारायचा मान आम्ही माईंना दिला.

"इतका वेळ कडेला का बसला होतास?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी वहीकडे पाहिलं. नियमाप्रमाणे खरंच सांगायचं होतं. "नियम पुरे झाले की खेळणार होतो," ते म्हणाले.

माईंनी वहीचं पहिलं पान उघडून आमच्याकडे फिरवलं. आवृत्ती सोळावी. खाली क्लासच्या नावाची रेघ. रेघेवर काही नाही.

"कोरा," माई म्हणाल्या आणि शेंगा घेऊन आत गेल्या.

बोजा उतरला, डाव पुढे चालला आणि मास्तर मेले, म्हणजे त्यांचं पात्र. घाटावर पाय घसरून, साधी एक कवडी पडल्यामुळे. ते इतके खूश झाले की पहाटे दोनपर्यंत त्यांनी आम्हाला तो मृत्यू पुन्हा पुन्हा सांगितला. सकाळी ओट्यावर गेलो तर सतरावी आवृत्ती सुरू झाली होती. घसरण्याचे नियम.

भाच्याची परीक्षा आहे, त्यामुळे सध्या आम्हाला एक माणूस कमी पडतो. दौंड-मनमाड मार्गावर पुणतांब्याला उतरा आणि मास्तरांचं घर विचारा, कुणीही दाखवील. फक्त क्लासला आलोय असं म्हणू नका, फी विचारतील. रविवारी चारला सुरू करतो. पेन्सिल आणा. कवड्या आहेत.